उत्तर मॅसिडोनिया: एकाच दिवशी राष्ट्राध्यक्ष आणि संसद, आणि दोन्हीकडे सोशल डेमोक्रॅटांचा पराभव

तिठा | ११ मे २०२४

युरोपातल्या निवडणुकांवर इथे अधूनमधून धागे येतात, पण बाल्कनकडे सहसा कोणी वळत नाही. मी व्हिएन्नात राहते. आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बितोला गावची एक मैत्रीण बसते, त्यामुळे गेले तीन आठवडे उत्तर मॅसिडोनियाची निवडणूक मी जवळजवळ घरचीच असल्यासारखी पाहिली. हा धागा त्यासाठी.

आधी निकाल. २४ एप्रिलला राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी झाली. ८ मे रोजी दुसरी फेरी आणि संसदेची निवडणूक, दोन्ही एकाच दिवशी. राष्ट्राध्यक्षपदी गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोव्हा निवडून आल्या. त्या घटनात्मक कायद्याच्या प्राध्यापक, जन्म ओहरिडचा, आणि देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्यांना साडेपाच लाखांहून जास्त मतं पडली. पदावर असलेले, सोशल डेमोक्रॅटांचे उमेदवार स्तेवो पेंदारोव्स्की अडीच लाखांच्या आसपास थांबले.

संसदेत, म्हणजे सोब्रानियेत, १२० जागा आहेत. सिल्यानोव्स्का ज्या पक्षाच्या उमेदवार होत्या त्या उजव्या, राष्ट्रवादी व्हीएमआरओ-डीपीएमएनईच्या आघाडीला ५८ मिळाल्या. सत्तेतल्या सोशल डेमोक्रॅटांना १८. अली अहमेतींच्या डीयूआय या अल्बेनियन पक्षाच्या आघाडीला १८, त्यांच्या विरोधातल्या अल्बेनियन पक्षांच्या 'व्लेन' आघाडीला १४, डाव्या लेवित्साला ६ आणि 'झ्नाम' या नव्या पक्षाला ६.

२०२० मध्ये सोशल डेमोक्रॅटांच्या आघाडीला ४६ जागा होत्या. ४६ वरून १८! एवढी पडझड एका निवडणुकीत का झाली, हा या धाग्याचा विषय.

पाश्चात्त्य वर्तमानपत्रांत एकच मथळा दिसतो: 'राष्ट्रवादी परतले'. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. माझ्या मते या लोकांनी शिक्षा दिली ती एका फसलेल्या व्यवहाराला, आणि तो व्यवहार फसवणारे बाहेरचे होते.

आपल्याकडे मॅसिडोनिया म्हटलं की सिकंदर आठवतो. भांडणाचं मूळही तिथेच. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडून 'मॅसिडोनिया प्रजासत्ताक' झालं तेव्हा ग्रीसने हरकत घेतली: मॅसिडोनिया हा आमचा प्रांत, सिकंदर आमचा, हे नाव तुम्हाला घेता येणार नाही. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' अशा तात्पुरत्या नावाने. २००८ मध्ये नाटोचं दार ग्रीसने बंद केलं. युरोपियन युनियनचा 'उमेदवार देश' हा दर्जा २००५ पासून आहे, पण पुढचं पाऊल पडलं नाही.

मग १७ जून २०१८ ला प्रेस्पा तळ्याच्या काठी झोरान झाएव आणि अलेक्सिस त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या साक्षीने करार झाला. देशाचं नाव 'उत्तर मॅसिडोनिया', आणि बदल्यात ग्रीसने नाटो व युरोपियन युनियनची वाट अडवायची नाही. ३० सप्टेंबरच्या सार्वमतात हो म्हणणारे नव्वद टक्क्यांवर होते, पण मतदान झालं फक्त ३७ टक्के. निम्म्या मतदारांची अट पूर्ण झाली नाही. तरी जानेवारी २०१९ मध्ये संसदेत ८१ मतांनी घटनादुरुस्ती झाली. लागत होती ८०.

नाटो मिळालं, २७ मार्च २०२० ला. युरोप मात्र मिळाला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सने वाटाघाटी अडवल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने नकाराधिकार वापरला: तुमची भाषा मूळची बल्गेरियन, इतिहास आमच्याशी सामायिक, तो मान्य करा. २०२२ मध्ये फ्रान्सने तोडगा काढला तो असा की आता घटनेत बल्गेरियनांचा उल्लेख घाला, म्हणजे पुढे सरकू. म्हणजे पुन्हा घटनादुरुस्ती, पुन्हा ८० मतं.

मैत्रिणीचे वडील निवृत्त शिक्षक आहेत. २०१८ मध्ये त्यांनी सार्वमतात जाऊन 'हो' म्हटलं होतं. शेजाऱ्यांशी त्यावरून बोलणं बंद झालं. आयुष्यभर सोशल डेमोक्रॅटांना मत दिलेल्या या माणसाने परवा पहिल्यांदा व्हीएमआरओवर शिक्का मारला. फोनवर ते मुलीला म्हणाले (ती मला शब्दशः सांगत होती): "नाव दिलं. आता आजोबा कोण होते तेही विचारायला लागलेत."

मला या वाक्यात सगळा निकाल दिसतो. तुमचं काय मत?

---

रानवारा | ११ मे २०२४

फार छान लिहिलंय. एवढं सगळं एका जागी मराठीत प्रथमच वाचलं.

एक शंका. दुसऱ्या फेरीत राष्ट्राध्यक्षासाठी ४७ टक्के मतदान आणि त्याच दिवशी, त्याच केंद्रात संसदेसाठी ५५ टक्के, असं मी वाचलं. माणूस केंद्रात गेल्यावर एक मतपत्रिका घेतो आणि दुसरी घेत नाही, असं कसं?

---

तिठा | ११ मे २०२४

रानवारा, नेमकं बोट ठेवलंत. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

देशातल्या रहिवाशांपैकी साधारण २४ टक्के अल्बेनियन आहेत (२०२१ची जनगणना). पहिल्या फेरीत त्यांचे दोन मोठे उमेदवार होते, डीयूआयचे बुयार ओस्मानी आणि विरोधी अल्बेनियन पक्षांचे अर्बेन तारावारी. दोघांना मिळून वीस टक्क्यांहून जास्त मतं. दुसऱ्या फेरीत दोन्ही उमेदवार मॅसिडोनियन वंशाचे. त्यामुळे तेतोवो, गोस्तिवार अशा अल्बेनियनबहुल भागांतल्या पुष्कळ लोकांनी संसदेसाठी मत दिलं आणि राष्ट्राध्यक्षाची मतपत्रिका सोडून दिली.

त्यात धोका असतो. दुसऱ्या फेरीत ४० टक्के मतदान झालं नाही तर निवडणूक बाद ठरते आणि सगळं पहिल्यापासून. पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती, २००९च्या निवडणुकीआधी खाली आणली.

४० टक्के ऐकायला सोपं वाटतं, पण मतदारयादी बघा. यादीत १८ लाखांच्या वर नावं आहेत. आणि जनगणनेत देशात प्रत्यक्ष राहणारी माणसं, तान्ह्या बाळांसकट, १८ लाख ३६ हजार. म्हणजे यादीतली कित्येक माणसं इथे व्हिएन्नात, स्टुटगार्टमध्ये, मिलानमध्ये आहेत. माझी मैत्रीणही त्या यादीत आहे. बितोलाच्या केंद्रावर तिच्या नावापुढची जागा या वेळीही रिकामी राहिली. टक्केवारी काढताना ती 'मतदानाला न आलेली' धरली जाते.

---

लंबक | १२ मे २०२४

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. तिठा, तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, नाव आणि ओळख हा पुढाऱ्यांचा मुद्दा. लोकांनी सरकार पाडलं ते वेगळ्या कारणांनी.

एक, महागाई. २०२२ मध्ये वर्षाची सरासरी चौदा टक्क्यांच्या घरात होती. पगार कमी, आणि पाव-तेल-वीज युरोपच्या भावाने.

दोन, तेतोवो. ८ सप्टेंबर २०२१ ला, देशाच्या स्वातंत्र्यदिनीच, तिथल्या कोव्हिड रुग्णांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला आग लागली. १४ माणसं गेली. मोठ्या पदावरच्या कोणी त्याची जबाबदारी घेतली असं लोकांना वाटलंच नाही.

तीन, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने दंडसंहिता बदलून अधिकाराच्या गैरवापराच्या गुन्ह्यांची शिक्षा कमी केली. त्यामुळे जुने भ्रष्टाचाराचे खटले मुदतबाह्य होण्याची वाट मोकळी झाली. हा बदल त्यांनी घाईने मंजूर करून घेतला तो 'युरोपियन कायद्याशी सुसंगत' या शिक्क्याखाली, म्हणजे ज्या जलदगती पद्धतीने फक्त युरोपशी जुळवून घेणारे कायदे यायला हवेत त्या पद्धतीने. ज्या पक्षाला लोकांनी व्हीएमआरओचे आधीचे पंतप्रधान ग्रुएव्स्की यांच्या भ्रष्टाचाराविरुद्ध निवडून दिलं, त्याने हे करावं? माझ्यासारखा मतदार असता तर त्याने त्याच दिवशी ठरवलं असतं.

बल्गेरिया, ग्रीस नंतर.

---

काळा_चहा | १२ मे २०२४

लंबक यांच्याशी सहमत, पण एक आठवण द्यायची आहे. जे आता निवडून आले त्यांची पाटी कोरी नाही. ग्रुएव्स्की याच व्हीएमआरओचे, २००६ ते २०१६ पंतप्रधान. २०१५ मध्ये हजारो लोकांचे फोन चोरून ऐकल्याचं प्रकरण बाहेर आलं. शिक्षा झाल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये देशातून पळून जाऊन हंगेरीत आश्रय घेतला. आणि २७ एप्रिल २०१७ची ती रात्र: संसदेच्या सभापतिपदी तालात जाफेरी या अल्बेनियन नेत्याची निवड झाली म्हणून जमाव सभागृहात घुसला, झाएव यांचा चेहरा रक्ताने माखलेला फोटो जगभर गेला.

तेच जाफेरी यंदा जानेवारीत पंतप्रधान झाले, देशाचे पहिले अल्बेनियन पंतप्रधान. कारण तिथे निवडणुकीच्या १०० दिवस आधी सर्वपक्षीय काळजीवाहू सरकार येतं. सात वर्षांत काळ किती पुढे गेला! व्हीएमआरओचे नेते मित्स्कोस्की यांनी पक्ष आतून बदलला आहे की फक्त त्याचा चेहरा, हे मला अजून कळलेलं नाही.

---

तिठा | १२ मे २०२४

लंबक, तीनही मुद्दे मान्य. दंडसंहितेचा मुद्दा तर मी मूळ लेखातच घालायला हवा होता. मैत्रीण त्याबद्दल फार चिडून बोलते.

पण एक सांगा. महागाई तर सगळ्या युरोपात होती. सरकारं पडली, पण ४६ वरून १८? मला वाटतं, ज्या पक्षाकडे दाखवायला एकच मोठी गोष्ट होती, 'आम्ही तुम्हाला युरोपात नेतो', आणि तीच गोष्ट हातातून गेली, तेव्हा बाकीची पापं झाकायला काहीच उरलं नाही. वीज महाग झाली तरी 'दोन वर्षांत युरोपात जाऊ' असं सांगता आलं असतं तर माणसं थांबली असती.

पासपोर्टचं उदाहरण देते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं. करारानुसार जुन्या नावाचे पासपोर्ट पाच वर्षांनी, म्हणजे यंदा १२ फेब्रुवारीला बाद होणार होते. शेवटच्या महिन्यांत तिथल्या कार्यालयांपुढे रांगा लागल्या. मैत्रीण नाताळच्या सुट्टीत गेली ती तीन दिवस त्यातच घालवून आली. नवा पासपोर्ट तिने मला जेवणाच्या सुट्टीत दाखवला. जुना आणि नवा, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुन्यावर 'मॅसिडोनिया प्रजासत्ताक', नव्यावर 'उत्तर मॅसिडोनिया प्रजासत्ताक'. ती जुन्याच्या मुखपृष्ठावरून अंगठा फिरवत राहिली आणि म्हणाली, "व्हिसाच्या रांगा संपतील म्हणून हे दिलं होतं. नोकरीच्या परवान्यासाठी मी अजून त्याच रांगेत आहे."

निवडणुकीच्या जेमतेम तीन महिने आधी घराघरात ही गोष्ट घडत होती. हे पुढाऱ्यांपुरतं कसं म्हणायचं?

---

लंबक | १२ मे २०२४

पासपोर्टची तारीख मला माहीत नव्हती. ती निवडणुकीच्या इतकी जवळ आली हे खरंच महत्त्वाचं आहे. माझा क्रम तरी तोच ठेवतो: आधी भ्रष्टाचार, मग नाव. पण 'बल्गेरिया, ग्रीस नंतर' हे मागे घेतो.

---

शमीपर्ण | १३ मे २०२४

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. इथे बल्गेरिया फक्त खलनायक म्हणून आलाय.

मॅसिडोनियाच्या स्वातंत्र्याला सर्वांत आधी मान्यता कोणी दिली? बल्गेरियाने, १५ जानेवारी १९९२ ला. ग्रीसच्या भीतीने बाकीचा युरोप चाचरत होता तेव्हा. माझ्या घरमालकीणबाईंचे आजोबा आज ज्याला उत्तर मॅसिडोनिया म्हणतात तिथून निर्वासित होऊन सोफियात आले. त्यांच्यासाठी ओहरिड हे परक्या देशातलं गाव नाही. मॅसिडोनियन भाषेचं प्रमाणीकरण १९४५ मध्ये झालं, त्याआधीचे कित्येक लेखक आणि क्रांतिकारक स्वतःला बल्गेरियन म्हणवत होते, हा इतिहास आहे. बाईंना मॅसिडोनियन बातम्या दुभाष्याशिवाय कळायच्या, मी स्वतः पाहिलंय.

आणि उत्तर मॅसिडोनियातल्या ३,५०४ लोकांनी जनगणनेत स्वतःला बल्गेरियन लिहिलंय. घटनेच्या प्रस्तावनेत अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांची नावं आहेत. मग यांचं एक नाव घातल्याने काय बिघडतं?

---

तिठा | १३ मे २०२४

शमीपर्ण, मनापासून आभार. ही बाजू यायलाच हवी होती, आणि १९९२ची मान्यता मी विसरले होते.

एक नाव घातल्याने काही बिघडत नाही, हे माझी मैत्रीणही म्हणते. तिच्या वर्गात स्वतःला बल्गेरियन म्हणवणारा मुलगा होता आणि त्याला त्रास दिला जायचा, हेही तिनेच सांगितलं. तो उल्लेख व्हावा असं मला वाटतं.

बिघडतं ते हे, की यानंतर काय, याची हमी कोणी देत नाही. नाव बदललं तेव्हा 'ही शेवटची अट' असंच सांगितलं गेलं होतं. आता लोक विचारतात, घटना बदलली आणि पुढच्या वर्षी सोफियाने पाठ्यपुस्तकांवरून पुन्हा अडवलं तर? मित्स्कोस्की प्रचारात हेच म्हणत होते: घटनादुरुस्ती करू, पण ती अमलात येईल ती युरोपियन युनियनमध्ये प्रवेश होईल तेव्हा. ब्रसेल्सला हे मान्य नाही. पण एकदा तोंड पोळलेल्या माणसाने असं म्हणावं, यात मला आततायीपणा दिसत नाही.

दोन बहिणींच्या भाषा एकमेकींना कळतात म्हणून एकीला 'तू वेगळी नाहीसच' म्हणायचं का? घरमालकीणबाईंचं दुःख खरं आहे. पण १९४५ नंतर जन्मलेल्या तीन पिढ्या ज्या भाषेत शिकल्या, रडल्या, प्रेमात पडल्या, तीही खरीच आहे.

---

मोहोर | १३ मे २०२४

बातमी आत्ताच वाचली. काल, १२ मेला, सिल्यानोव्स्का यांनी शपथ घेताना 'उत्तर मॅसिडोनिया' न म्हणता फक्त 'मॅसिडोनिया' म्हटलं, आणि ग्रीसच्या राजदूत कार्यक्रम सोडून निघून गेल्या!

घटनात्मक कायद्याच्या प्राध्यापकबाई, आणि पहिल्याच दिवशी घटनेतलं नाव गाळतात? मला हे खटकलं. आपल्या देशाला काय म्हणायचं हा त्यांचा खासगी हक्क असेल, पण शपथ खासगी नसते.

---

काळा_चहा | १३ मे २०२४

मोहोर, १००% सहमत. घटनेत जे आहे ते आवडत नसेल तर बदलायला बहुमत मिळवा. शपथेत शब्द गाळणं हा मार्ग नाही. आणि यात नुकसान त्यांचंच. ग्रीसमध्ये प्रेस्पा कराराला सुरुवातीपासून विरोध करणारे आहेत, त्यांना आयतं कोलीत मिळालं.

---

तिठा | १४ मे २०२४

मलाही खटकलं. मैत्रीण मात्र ते पाहताना रडली. दोन्ही सांगते.

सिल्यानोव्स्काबाईंची कारकीर्द बघता वाईट जास्त वाटतं. त्या नव्वदीच्या सुरुवातीला मंत्री होत्या, नंतर व्हेनिस आयोगावर, म्हणजे युरोपभरच्या घटनांवर मत देणाऱ्या तज्ज्ञ मंडळावर होत्या. शब्दांचं वजन त्यांच्याइतकं कोणाला कळणार? २०१९ मध्येही हीच लढत होती, याच दोघांत. तेव्हा पेंदारोव्स्की जिंकले, बाईंना पावणेचार लाखांच्या आसपास मतं होती. यंदा त्यांची मतं जवळपास पावणेदोन लाखांनी वाढली. एवढा कौल मिळाल्यावर नाव पूर्ण उच्चारूनही ताठ उभं राहता आलं असतं.

मैत्रीण म्हणते, मला तो शब्द एकदा तरी मोठ्याने, संसदेत ऐकायचा होता. तिला मी काही बोलले नाही. ईस्टर यंदा ५ मेला होता, मतदानाच्या तीन दिवस आधी. त्या सोमवारी तिने लॅबमध्ये सगळ्यांसाठी लाल रंगवलेली अंडी आणली होती. माझं अंडं आणि तिचं अंडं आम्ही एकमेकांवर आपटलं, तशी तिकडे पद्धत आहे, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं. तिचं फुटलं नव्हतं, तर ती बुधवारपर्यंत सांगत होती की निकाल चांगला लागणार.

---

रानवारा | १६ मे २०२४

आणखी एक विचारतो. व्हीएमआरओला मतं पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली, आणि जागा १२० पैकी ५८, म्हणजे ४८ टक्के? आपल्यासारखं 'सर्वाधिक मतं तो विजयी' तिथे नाही ना?

---

लंबक | १६ मे २०२४

याचं उत्तर मी देतो. देशाचे सहा मतदारसंघ, प्रत्येकात २० जागा, मतदान पक्षाच्या यादीला. जागावाटप दाँत पद्धतीने. किमान मतांची अट नाही.

काल्पनिक आकडे घेऊ. समजा ५ जागा आणि तीन पक्ष: अ ला ६० हजार, ब ला २६ हजार, क ला १४ हजार. प्रत्येकाच्या मतांना १, २, ३, ४ ने भागत जायचं. अ चे भागाकार ६०, ३०, २०, १५. ब चे २६, १३. क चे १४, ७. सगळ्यांतले सर्वांत मोठे पाच निवडा: ६०, ३०, २६, २०, १५. म्हणजे अ ला ४ जागा, ब ला १, क ला शून्य. ६० टक्के मतांत ८० टक्के जागा.

२० जागांचा मतदारसंघ असल्याने फरक एवढा मोठा पडत नाही, पण मोठ्या पक्षाला थोडा फायदा आणि छोट्यांची मतं वाया, हे होतंच. विरोधी मतं जितकी विखुरतील तितका फायदा जास्त. यंदा सोशल डेमोक्रॅटांची मतं विखुरली: 'झ्नाम'चे माक्सिम दिमित्रिएव्स्की हे कुमानोवोचे महापौर, मूळचे सोशल डेमोक्रॅटच. ('झ्नाम' हे पक्षाच्या लांब नावाचं लघुरूप, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'मला माहीत आहे'.)

---

मोहोर | १६ मे २०२४

धन्यवाद लंबक, दाँत पद्धत इतकी सोपी करून कोणी सांगितली नव्हती.

अवांतर: मदर तेरेसांचा जन्म तिथल्या राजधानीचा, स्कोपियेचा, १९१०चा. अल्बेनियन कुटुंबातल्या. आज तिथे त्यांचं स्मारकघर आहे. म्हणजे कोलकात्याशी एक धागा जोडलेला आहेच.

---

तिठा | २४ जून २०२४

धागा वर आणते. काल रात्री सरकार स्थापन झालं. ख्रिस्तियान मित्स्कोस्की पंतप्रधान. व्हीएमआरओ, व्लेन आणि झ्नाम असे तिघे एकत्र. डीयूआय सोळा वर्षांनी सत्तेबाहेर. २००१च्या अल्बेनियन बंडखोरांच्या सशस्त्र संघर्षातून आणि तो मिटवणाऱ्या ओहरिड करारातून पुढे आलेल्या या पक्षाशिवाय तिथे सरकार बनत नाही असंच सगळे धरून चालले होते, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही बातमी मित्स्कोस्कींच्या शपथविधीहून मोठी आहे. आणि त्यांना घालवलं ते अल्बेनियन मतदारांच्याच दुसऱ्या फळीने.

आता बेरीज करा: ५८ + १४ + ६ = ७८. घटनादुरुस्तीला लागतात ८०, शिवाय अल्पसंख्याक समाजांच्या खासदारांचं वेगळं बहुमत. म्हणजे सरकारला उद्या बल्गेरियाची अट मान्य करायची झाली तरी विरोधकांपैकी कोणाचा तरी, मुख्यतः सोशल डेमोक्रॅटांचा किंवा डीयूआयचा, हात धरल्याशिवाय ती होणार नाही. हरलेल्या पक्षाच्या १८ जागा अजून कामाच्या आहेत त्या अशा.

---

शमीपर्ण | २५ जून २०२४

दोन कमी! सोफियात हा आकडा सगळ्यांना पाठ असणार.

---

तिठा | २० ऑक्टोबर २०२४

पुन्हा वर आणते, शेवटचं म्हणून.

१५ ऑक्टोबरला अल्बेनियाने युरोपियन युनियनशी वाटाघाटींच्या प्रकरणांचा पहिला गट उघडला. आतापर्यंत अल्बेनिया आणि उत्तर मॅसिडोनिया एकाच जोडीत बांधलेले होते, एक अडला की दुसराही अडायचा. ती जोडी आता सोडवली. अल्बेनिया पुढे गेला, उत्तर मॅसिडोनिया जिथे होता तिथे.

काल मैत्रिणीकडे गेले होते. ऑक्टोबर म्हणजे त्यांच्याकडे आयवारचा महिना. लांब लाल मिरच्या, आपल्या ढोबळीसारख्या गोड पण टोकदार, आख्ख्या भाजायच्या, घाम फुटायला झाकून ठेवायच्या, साल काढायची आणि तेलात तासन्‌तास ढवळत आटवायच्या. आपल्या वांग्याच्या भरतासारखाच खरपूस वास सगळ्या जिन्यात पसरला होता. मी सालं काढत होते, ती ढवळत होती, आणि मोबाइल ओट्यावर उभा करून तिचे वडील बितोलाहून बोलत होते. मला पाहून त्यांनी ओळखीचा हात केला.

मी त्यांना विचारलं, अल्बेनिया पुढे गेला, वाईट वाटलं का? मैत्रिणीने भाषांतर केलं. ते म्हणाले, नाही, ते शेजारी आहेत, त्यांनी जावं. मग विचारलं, मतदान चुकलं असं वाटतं का? ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, २०१८चंही चुकलं नव्हतं आणि यंदाचंही नाही. मग मुलीला ओरडले, की खालून ढवळ, तळाला लागतंय.

---

काळा_चहा | २० ऑक्टोबर २०२४

काकांना नमस्कार सांगा. सोशल डेमोक्रॅटांना ते पुन्हा मत देतील का, हे विचारलंत?

---

तिठा | २१ ऑक्टोबर २०२४

विचारलं. 'ज्यांनी ती दंडसंहिता बदलली ते सगळे जागेवरून हलले की सांगतो' असं म्हणाले. लंबक, हे तुमच्यासाठी, तुमचा क्रम त्यांनाही पटतो असं दिसतं.

स्थानिक निवडणुका पुढच्या वर्षी आहेत. बितोलाचा आकडा आला की इथेच टाकेन.